मुदत संपलेल्या गोळ्या, सुया, ट्यूबलाइट: वांद्र्यातील घरांमधला हा कचरा टाकायचा कुठे?

ओला कचरा एका डब्यात, सुका दुसऱ्या डब्यात. मुंबईकरांना एवढे आता पाठ झाले आहे. पण इन्सुलिनची वापरलेली सुई, मुदत उलटलेले खोकल्याचे औषध, उडालेली ट्यूबलाइट, फुगलेली मोबाइलची बॅटरी, तळाशी रंग उरलेला डबा यांचे काय? बहुतेक घरांत उत्तर एकच: काळ्या पिशवीत गुंडाळून सुक्या कचऱ्यात. पाली हिलच्या टॉवरमध्ये हेच होते आणि बेहरामपाड्याच्या गल्लीतही हेच होते. याचा दोष दरवेळी नागरिकांच्या माथी मारला जातो. वस्तू वेगळी ठेवणारा माणूस ती कुणाकडे द्यायची हे विचारतो, तेव्हा मात्र त्याला पत्ता मिळत नाही. खरी अडचण ही आहे.

घरातला घातक कचरा म्हणजे नेमके काय?

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये याची यादीच आहे. रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे, सीएफएल आणि ट्यूबलाइट, मुदतबाह्य औषधे, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया आणि सिरिंज हे सारे त्यात येते. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत घरच्या कचऱ्याचे चार भाग केले आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजी घ्यावी लागणारा. म्हणजे हा कचरा वेगळा ठेवणे ही आता केवळ हौशी पर्यावरणप्रेमींची आवड राहिलेली नाही.

सुक्यात टाकला तर काय बिघडते?

सुका कचरा शेवटी कुणीतरी हाताने निवडते. पिशवीतली सुई त्या हाताला टोचली, तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचा धोका असतो. कचरा दाबून भरणाऱ्या गाडीत लिथियम बॅटरी चेपली गेली की आत शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते. ट्यूबलाइटमध्ये पारा काही मिलिग्रॅमच असतो, पण ती फुटली की त्याची वाफ जवळच्या माणसाच्या श्वासात जाते.

औषधे बेसिनमध्ये ओतली तरी प्रश्न मिटत नाही. सांडपाणी प्रक्रिया केंद्रे मुख्यतः मैला आणि गाळ काढण्यासाठी बांधलेली असतात, औषधांचे अंश वेगळे करण्यासाठी नव्हे. वांद्र्याचे सांडपाणी अखेर समुद्रात जाते. अँटिबायोटिक्स अशी पाण्यात मिसळत राहिली, तर त्यांना न जुमानणारे जिवाणू वाढायला मदत होते.

कचरा वांद्र्यातून उचलला जातो, पण त्याचा त्रास देवनार, गोवंडी आणि कांजूरच्या वाट्याला येतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारची कचराभूमी पेटली, तेव्हा धुरामुळे शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. कचराभूमीवर काय जळते, हे आधी घराघरांतल्या डब्यांत ठरत असते.

नियमातले गणित मुंबईला का पुरत नाही?

२०१६ च्या नियमांनी घातक कचरा जमा करण्यासाठी दर २० चौरस किलोमीटरमागे एक केंद्र उभारण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. कागदावर हे ठीक दिसते. पण मुंबई महापालिकेचे क्षेत्र सुमारे ४४० चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १ कोटी २४ लाख. म्हणजे शहरभर २२ केंद्रे आणि एका केंद्रामागे साधारण साडेपाच लाख लोक. चार गोळ्या आणि दोन सेल घेऊन रिक्षाने तिथवर कोण जाईल? विरळ वस्तीच्या गावाला चालणारे माप मुंबईला लावले की नियम पाळूनही सोय होत नाही.

महापालिकेची सेवा आहे, मग अडचण कुठे?

मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये सॅनिटरी आणि विशेष काळजीचा घरगुती कचरा वेगळा उचलण्याची सेवा सुरू केली. क्यूआर कोडवरून नोंदणी करायची, मग स्वतंत्र गाडी येते. पाऊल चांगलेच आहे. मात्र नोंदणी करायला सोसायटी लागते, सेक्रेटरी लागतो, कचरा ठेवायला जागा लागते. चॅपल रोडवरच्या जुन्या घरांत, भारत नगरच्या चाळींत यातले काय आहे? शिवाय सेवेचा भर पॅड, डायपर, औषधे यांवर आहे. सेल, ट्यूब आणि रंगाचे डबे घेऊन जाणारी गाडीही तितकीच गरजेची आहे.

उपाय: औषधाच्या दुकानात कुलूपबंद डबा

वांद्र्यात केमिस्ट शोधायला गुगल मॅप लागत नाही. प्रत्येक वॉर्डातल्या ठरावीक औषध दुकानांत गोळ्या आणि सुयांसाठी कुलूपबंद डबा ठेवावा आणि तो महापालिकेने ठरल्या दिवशी रिकामा करावा. औषध नियामक संस्थेने २०२५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही न वापरलेली औषधे परत घेण्याची केंद्रे सुचवली आहेत. केरळ सरकारने ‘एन-प्राउड’ या उपक्रमातून तसा प्रयोग सुरूही केला आहे.

दुकानदारांची भीती चुकीची नाही. परत आलेली औषधे पुन्हा विकली गेली तर ठपका त्यांच्यावर येईल, आणि जागा व मनुष्यबळही त्यांचेच जाईल. म्हणूनच किल्ली महापालिकेकडे हवी आणि खर्चात औषध कंपन्यांचा वाटा हवा. बॅटरी आणि ई-कचऱ्याच्या नियमांत उत्पादकांची जबाबदारी आधीच ठरलेली आहे. औषधांना वेगळा न्याय का?

तोपर्यंत घरात काय करावे?

• सुया झाकणाच्या जाड प्लास्टिक बाटलीत टाका आणि बाटलीवर ‘सुया’ असे लिहा. पातळ पिशवी कधीही नको.
• औषधे वेगळ्या पिशवीत ठेवा, फ्लश करू नका. अपवाद फक्त ट्रॅमाडॉल, फेंटानिल यांसारख्या १७ औषधांचा. चुकून कुणी घेतली तर ती जिवावर बेतू शकतात, म्हणून नियामकाने ती फ्लश करायला सांगितले आहे.
• लिथियम सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावा. फुगलेली बॅटरी टोचू नका, चार्ज करू नका, सर्व्हिस सेंटरला द्या.
• ट्यूब किंवा थर्मामीटर फुटल्यास खिडक्या उघडा. झाडू किंवा व्हॅक्यूम न वापरता जाड कागदाने तुकडे गोळा करून झाकणाच्या बरणीत ठेवा.
• ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र ओतू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.
• सोसायटीची नोंदणी झाली आहे का, हे सेक्रेटरीला विचारा.

एवढे करणाऱ्या घरात महिन्याभरात एक बाटली आणि एक पिशवी साठेल. ती कुणाच्या हाती द्यायची, याचे उत्तर वॉर्ड कार्यालयाने द्यायचे आहे. ते मिळाले नाही, तर हीच बाटली पुन्हा काळ्या पिशवीत जाईल आणि तिथून कचरा निवडणाऱ्या कुणाच्या तरी हातात.