कुंडीतील वडाची तहान

गेल्या चैत्रात आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध माउली कापडाने झाकलेले काहीतरी दोन्ही हातांवर तोलीत आमच्या दारी आली. सणाचा उरलेला खाऊ असावा, असा आमचा समज झाला; परंतु कापड दूर होताच आत दिसला तो उथळ कुंडीत लावलेला वीतभर उंचीचा वड. वडोदऱ्यास नोकरीला असलेल्या तिच्या मुलाने नाताळात तो तिला आणून दिला होता. वडाची निम्मी पाने गळून गेली होती व उरलेली पिवळी पडली होती.

"फादर, मी एक दिवस चुकले नाही हो," ती म्हणाली, "रोज सायंकाळी रोझरी झाली की पेलाभर पाणी घालते. पाने गळू लागली तेव्हापासून दोन पेले घालते."

सारे दुखणे त्या दुसऱ्या पेल्यात होते, परंतु तिला दोष देण्यास आमची जीभ वळली नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या हातूनही एक नांद्रुक अगदी याच रीतीने मेला आहे.

अशा झाडांना बोन्साय म्हणतात. मूळ कल्पना चीनची, परंतु शब्द व त्यामागील शिस्त जपानची. 'बोन' म्हणजे उथळ थाळी, आणि 'साय' म्हणजे लावणे. ही काही झाडांची निराळी खुजी जात नव्हे. रस्त्याच्या कडेला उभा असतो तोच हा वड; फांद्या व मुळे वरचेवर छाटून त्याला लहान ठेविलेले असते. पाणी कमी घातल्याने झाड बुटके राहते, असे पुष्कळांना वाटते. तो निव्वळ भ्रम आहे. तहानेने झाड बुटके होत नाही, ते मरते. जपानात या कामाच्या उमेदवारांस सांगतात की, नुसते पाणी घालावयास शिकण्यासच तीन वर्षे लागतात. प्रथम ऐकले तेव्हा आम्हांस ही अतिशयोक्ती वाटली होती. आता वाटत नाही.

मुळांना पाणी लागते तशी हवाही लागते. माती सतत चिंब राहिली, तर तिच्यातील पोकळ्या पाण्याने भरून जातात व मुळे गुदमरून कुजतात. कुजलेली मुळे पाणी शोषीत नाहीत, म्हणून पाने मलूल होऊन गळतात. पाहणाऱ्याला वाटते, झाड तहानले आहे. तो आणखी पाणी घालतो आणि झाडाचा निकाल लागतो. उथळ कुंडीत तर हा धोका अधिक. भांडी घासण्याचा स्पंज भिजवून आडवा धरा. थोडे पाणी गळून थांबेल. तोच उभा करा; पुन्हा धार लागेल. उथळ कुंडी ही त्या आडव्या स्पंजासारखी असते, तळाशी पाणी धरून बसते. म्हणून तिची माती भरड हवी. त्या माउलीच्या कुंडीत काळी, चिकट माती होती, आणि खालची भोके बुजलेली होती.

मग पाणी घालावे केव्हा? घड्याळ पाहून नव्हे. बांबूची एक बारीक काडी कुंडीतील मातीत दीड-दोन इंच खोचून ठेवावी व सकाळी उपसून पाहावी. काडी ओली व काळपट असेल तर झारीला हात लावू नये. जरा दमट वाटली, वरची माती कोरडी दिसू लागली, की पाणी द्यावे. काडी अगदी खडखडीत होईपर्यंत मात्र थांबू नये. काही दिवसांनी कुंडी उचलताच वजनावरून कळू लागते. दोन झाडांची तहान सारखी नसते, हेही ध्यानात असावे. जेड मांसल पानांत पाणी साठविते, त्याला वडाच्या वेळेस पाणी देऊ नये.

आणि द्यावयाचे तेव्हा पोटभर द्यावे. पेलाभर पाण्याने नुसती वरची माती भिजते किंवा एकच बाजू भिजते. बारीक भोकांच्या झारीने, माती वाहून न जाईल असे, तळच्या भोकांतून पाणी येईतो घालावे. पाच मिनिटे थांबून पुन्हा घालावे. खाली बशी असेल तर साचलेले पाणी ओतून टाकावे. पानांवर पाणी शिंपडणे म्हणजे पाणी घालणे नव्हे. माती पार वाळली असेल, तर वरून घातलेले पाणी कडेच्या फटीतून निसटून जाते आणि आपणांस वाटते की झाड प्याले. अशा वेळी कुंडी पाण्याने भरलेल्या घमेल्यात बुडवून ठेवावी व बुडबुडे थांबले की काढावी.

वैशाखात दोन वेळही पाणी लागेल. आमच्या खानापूरकडील पावसात मात्र उलट चिंता. कुंडीखाली एका बाजूस चीप सारून ती कलती ठेवावी, म्हणजे पाणी निथळते. कोणी ती पडवीत आणून ठेवितात व बाहेर पाऊस कोसळत असता आत झाड वाळून जाते. हेही आम्ही पाहिले आहे.

1923 च्या भूकंपानंतर तोक्योतील बोन्साय करणारे काही माळी 1925 साली शहर सोडून उत्तरेस ओमिया येथे जाऊन वसले, ते मुख्यतः चांगल्या मातीसाठी व पाण्यासाठी. आणि हिरोशिमातील यामाकी कुटुंबाच्या बागेत एक पाइन होता, 1625 पासून कुंडीत जोपासलेला. 6 ऑगस्ट 1945 रोजी अणुबॉम्ब पडला, तेव्हा सुमारे दोन मैलांवर, भिंतीच्या आड असलेले ते झाड वाचले. 1976 साली ते अमेरिकेस भेट म्हणून गेले. त्याची ही हकीकत तेथील लोकांस 2001 साली कळली. आमच्या मनात येते ते निराळेच. बॉम्बमधून वाचलेले ते झाड उन्हाळ्यातील चार दिवसांच्या विसराळूपणाने मेले असते. चारशे वर्षे, पिढ्यान्‌पिढ्या, कोणीतरी त्याच्यापाशी जाऊन माती पाहिली आहे.

माउलीचा वड आम्ही कुंडीतून काढला. मुळांना कुजका वास येत होता. काळी, लिबलिबीत झालेली मुळे कात्रीने कापली; भोकांवर जाळी बसविली; चाळून धूळ काढलेला विटांचा चुरा व जाड वाळू, त्यात मूठभर कुजलेल्या पाल्याचे खत, असे मिश्रण भरले आणि कुंडी सावलीत ठेविली. पेला बंद करून तिच्या हाती काडी दिली. तिला हे फारसे पटले नाही. "उपाशी ठेवल्यासारखे वाटते," असे ती दोनदा म्हणाली. पावसाच्या तोंडावर दोन फांद्यांना कोंब आले. तिसरी मात्र वाळली ती वाळलीच.

सध्या ती नातीच्या बाप्तिस्म्यासाठी वडोदऱ्यास गेली आहे आणि कुंडी आमच्या व्हरांड्यात आहे. जाताना काडी आमच्या हाती देऊन तिने बजाविले, "फादर, बघितल्याशिवाय पाणी घालायचे नाही हां." आज सकाळी काडी ओली निघाली. आम्ही झारी परत जागेवर ठेवून दिली.