दुसऱ्या खेपेचा पाहुणा आणि मालकीचे संकेतस्थळ

पावसाचा जोर ओसरला की गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षाची खरी लगबग सुरू होते. शॅकचे सांगाडे उभे राहतात, भिंतींवरचे शेवाळ खरवडून रंग काढला जातो, गाद्यांना ऊन दाखवले जाते. घरातल्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या कुटुंबांपासून पंधरा-वीस खोल्यांच्या छोट्या हॉटेलांपर्यंत सर्वांचीच ही धावपळ असते. या तयारीत एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या ध्यानीमनी नसते, ती म्हणजे स्वतःचे संकेतस्थळ. ते केव्हातरी कोणीतरी करून दिलेले असते आणि त्यानंतर त्याकडे फारसे कोणी फिरकलेले नसते. बुकिंग ॲपवरून खोल्या जातात, चौकशा व्हॉट्सॲपवर येतात, छायाचित्रे इन्स्टाग्रामवर पाहिली जातात. मग संकेतस्थळाचा खटाटोप कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. गेल्या काही वर्षांतील घडामोडी पाहता तो प्रश्न वाटतो तितका सोपा राहिलेला नाही.

मार्च २०२४ मध्ये गूगलने छोट्या व्यावसायिकांना मोफत दिलेली साधी संकेतस्थळे बंद केली. नकाशावरील व्यवसाय नोंदीबरोबर ही पाने आपोआप तयार होत असत आणि भारतातील असंख्य दुकानदारांचे, खानावळींचे, निवासगृहांचे इंटरनेटवरील पहिले घर तेच होते. १० जून २०२४ पर्यंत जुना पत्ता टाकणाऱ्याला व्यवसाय नोंदीकडे वळवले जाई. त्यानंतर तेही थांबले. ज्यांनी तो पत्ता कार्डावर छापला होता किंवा फाटकावरच्या फलकावर रंगवून घेतला होता, त्यांच्या हाती काहीच उरले नाही. हा पहिलाच प्रसंग नव्हे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. टिकटॉकवर २९ जून २०२० रोजी बंदी आली आणि लाखोंचा प्रेक्षकवर्ग जमवलेल्यांचा तो वर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकाच वेळी सुमारे सहा तास ठप्प होते. या प्रत्येक प्रसंगी कारणे निराळी होती, पण व्यावसायिकाचा निर्णयात सहभाग कोठेच नव्हता.

तरीही बुकिंग ॲपना सरसकट दोष देणे अन्यायाचे ठरेल. बाणावलीतील चार खोल्यांचे घर लखनौच्या किंवा कोलकात्याच्या कुटुंबाला ठाऊक होण्याचा दुसरा स्वस्त मार्ग आज उपलब्ध नाही. अनोळखी पाहुणा मिळवून देण्याबद्दल ॲपने कमिशन घ्यावे, यात गैर काही नाही. खटकणारी गोष्ट पुढे येते. तेच कुटुंब पुढच्या डिसेंबरात पुन्हा त्याच घरी येऊ पाहते, घराचे नाव शोधते, सर्वांत वर ॲपची जाहिरात दिसते आणि ते तेथूनच आरक्षण करते. मालकाला ओळखणाऱ्या, त्याच्या अंगणात बसून चहा घेतलेल्या पाहुण्यासाठीही त्याला पुन्हा कमिशन मोजावे लागते. उदाहरणादाखल कमिशन २० टक्के धरले, तर ३,००० रुपयांच्या खोलीमागे रात्रीला ६०० रुपये जातात. परतून येणाऱ्या पाहुण्यांच्या अशा तीस रात्री धरल्या, तरी हंगामाचे १८,००० रुपये होतात. छोट्या संकेतस्थळाचा वर्षाचा खर्च बहुधा यापेक्षा बराच कमी असतो. म्हणून छोट्या मालकाच्या संकेतस्थळाने साऱ्या जगाला आकर्षित करावे ही अपेक्षाच चुकीची आहे. एकदा येऊन गेलेल्या पाहुण्याला आणि त्याने ज्यांना नाव सांगितले त्यांना ते बिनचूक सापडले, की त्याचे काम झाले.

थेट येणाऱ्या पाहुण्याला काही सवलत द्यावी, हे ओघाने आले. येथे करारातील बारीक अक्षरे आडवी येतात. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबो यांना २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या प्रकरणातील एक मुख्य मुद्दा दरसमानतेच्या अटीचा होता. हॉटेलने आपली खोली दुसऱ्या मंचावरच नव्हे, तर स्वतःच्या संकेतस्थळावरही कमी दराने विकू नये, अशी ती अट होती. आयोगाने करार बदलण्याचा आदेश दिला, पण तो इतर बुकिंग मंचांच्या संदर्भात. स्वतःच्या संकेतस्थळावरील दराचे काय, हे त्यामुळे आजही ज्याने त्याने आपल्या करारात वाचून पाहिले पाहिजे. युरोपात डिजिटल बाजारपेठ कायद्यामुळे बुकिंग डॉट कॉमला अशा अटी २०२४ मध्ये सोडून द्याव्या लागल्या. भारतात तसा सरसकट कायदा नाही. अट लागू असेल, तर दर तोच ठेवून थेट येणाऱ्याला न्याहारी, स्थानकावरून आणण्याची सोय किंवा उशिरा खोली सोडण्याची मुभा देता येते का, हे करार पाहून ठरवावे.

संकेतस्थळ स्वतःचे आहे असे मानणाऱ्या अनेकांना ते खरोखर कोणाच्या नावावर आहे, हे ठाऊक नसते. ओळखीतल्या तरुणाने पान करून दिले, डोमेन त्यानेच आपल्या ईमेलवर नोंदवले, पुढे तो नोकरीनिमित्त बंगळुरूला किंवा आखातात गेला. नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहते आणि एके दिवशी पत्ता मुदतबाह्य होतो. डॉट कॉम प्रकारच्या पत्त्याला मुदत संपल्यावर काही दिवसांची सवलत मिळते. नोंदणी काढून टाकली गेली, की पुढे ३० दिवस जास्तीचे शुल्क भरून तो सोडवून घेता येतो. त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी तो कोणालाही विकत घेता येतो. असे सुटलेले पत्ते हेरून तेथे जुगाराची किंवा बनावट मालाची दुकाने थाटणारे लोक जगभर आहेत. जमिनीचा एक चौदाचा उतारा ज्या काळजीने जपला जातो, तेवढी नाही तरी निम्मी काळजी या नोंदीची घ्यायला हवी: खाते मालकाच्या ईमेलवर, मोबाइल क्रमांक मालकाचा, पासवर्ड मालकाकडे आणि नूतनीकरण शक्य तर एकदम काही वर्षांचे. डॉट कॉम किंवा डॉट इन पत्ता एका वेळी दहा वर्षांपर्यंत घेता येतो.

आता पानाविषयी. बेळगावहून चोर्ला घाटातून उतरणारे कुटुंब वाटेत थांबून निवासाचा पत्ता पुन्हा पाहू लागते, तेव्हा मोबाइलची रेंज येत-जात असते. त्या क्षणी त्यांना सरकती चित्रे, पार्श्वसंगीत किंवा आपोआप चालू होणारी चित्रफीत नको असते. फोन क्रमांक, नकाशाचा दुवा आणि पोहोचण्याची खूण हवी असते. या तीन गोष्टी पानाच्या अगदी वर, बोट लावताच चालतील अशा हव्यात. पान जड होण्याचे कारण बहुधा एकच असते. मोबाइलवर काढलेले छायाचित्र चार हजार बिंदू रुंद आणि तीन-चार एमबी वजनाचे असते, ते तसेच चढवले जाते. अशी दहा छायाचित्रे म्हणजे तीस-चाळीस एमबी. तेच छायाचित्र दीड हजार बिंदूंपर्यंत लहान करून वेबपी स्वरूपात जतन केले, तर साधारणपणे दोनशे केबीच्या आसपास येते आणि पाहणाऱ्याला फरक जाणवतही नाही. पानावरील मुख्य मजकूर किंवा चित्र अडीच सेकंदांच्या आत दिसावे, ही गूगलची कसोटी आहे. शोधयादीसाठी गूगल पानाचे मोबाइलवरील रूपच तपासते. कार्यालयातील मोठ्या पडद्यावर ते किती देखणे दिसते, याला तेथे महत्त्व नाही.

दरपत्रक, भोजनाची यादी, नियम हे सारे चित्ररूपात टाकण्याची सवय तर सार्वत्रिक आहे. मुद्रणालयातून आलेले पत्रक जसेच्या तसे चढवले, की काम झाले असे वाटते. चित्रातील अक्षरे शोधयंत्र मजकुराइतकी भरवशाने वाचत नाही, अंध व्यक्तीचे वाचक सॉफ्टवेअर त्यापाशी अडते आणि दर बदलला की नवे चित्र करण्यासाठी पुन्हा कोणाला तरी गाठावे लागते. मराठी मजकुराचे दुखणे आणखी जुने आहे. डीटीपीच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये नसतो. तो छपाईत सुबक दिसतो, पण संकेतस्थळावर उतरवला की निरर्थक रोमन चिन्हांची रांग होते. म्हणूनच तो चित्र करून टाकला जातो. मजकूर युनिकोडमध्ये एकदा टंकून घेतला, की हा फेरा संपतो.

गावांच्या नावांचा प्रश्न मराठीभाषक व्यावसायिकांना विशेष जाचणारा आहे, आणि महाराष्ट्राबाहेर तो अधिकच. हडफडे हे गाव पर्यटक आर्पोरा म्हणून शोधतो, कांदोळी कँडोलिम म्हणून, बाणावली बेनॉलिम म्हणून. नोव्हेंबर २०१४ मध्ये कर्नाटक सरकारने बेळगावचे नाव बेळगावी केले. सरकारी कागदोपत्री एक नाव, घराघरांत दुसरे आणि शोधणाऱ्याच्या बोटांवर दोन्ही. बडोद्याचे वडोदरा आणि इंदूरचे इंदौर यांचीही तीच कथा. शोधयंत्रे ही रूपे जुळवण्यात बरीच तरबेज झाली आहेत, पण लहान गावे आणि वाड्यांच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबून राहता येत नाही. पत्त्याच्या परिच्छेदात सहज वाक्यात दोन्ही रूपे यावीत, रोमन लिपीतील प्रचलित लेखनासह. मात्र एकच नाव पन्नासदा कोंबणे व्यर्थ आहे; ती क्लृप्ती गूगलने कधीच ओळखली आहे.

मजकुरासंबंधी दुसरी एक भूल सध्या फोफावली आहे. यंत्राकडून ‘गोव्यात पाहण्यासारखी दहा ठिकाणे’ छापाचे लेख लिहवून घेऊन ते डझनावारी चढवण्याचा सल्ला दिला जातो. शोधात वरचा क्रम मिळवण्यासाठी घाऊक प्रमाणात तयार केलेला मजकूर गूगलने मार्च २०२४ मध्ये आपल्या नियमांनुसार गैरप्रकार ठरवला. शिवाय ऑगस्ट २०२४ पासून भारतात शोधाच्या माथ्यावरच यंत्राने तयार केलेले उत्तर दिसू लागले आहे. सर्वसाधारण माहिती वाचणारा तेथेच थांबतो. त्याला पुढे यायला लावील ती माहिती फक्त मालकापाशी असते. वरच्या खोलीला किती पायऱ्या आहेत, वृद्धांना चढवतील का, गावच्या जत्रेच्या दिवशी रस्ता कोणत्या बाजूने बंद असतो, जून-जुलैच्या मासेमारी बंदीत ताटात काय मिळेल, पावसात समुद्रात उतरता येते का. आपल्याकडील उणीव पानावर लिहिण्यास मालक कचरतात. पण पायऱ्यांची माहिती आधीच वाचून आलेला पाहुणा दारात भांडत नाही.

विश्वासाचा मुद्दा गोव्यात आता केवळ सभ्यतेचा राहिलेला नाही. नसलेल्या व्हिलांच्या जाहिराती देऊन आगाऊ रक्कम उकळल्याच्या तक्रारी सायबर पोलिसांपर्यंत गेल्या आहेत, आणि थेट पैसे भरायला सांगणाऱ्या प्रामाणिक मालकाकडेही आता संशयाने पाहिले जाते. १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखालील नोंदणी क्रमांक, मालकाचे पूर्ण नाव, रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल याचे दोन ओळींचे स्पष्ट विधान आणि ज्या खात्यात पैसे जातात त्याचे तेच नाव, एवढे पानावर असले तर पाहुण्याला पडताळणी करता येते. ‘फक्त एकच खोली शिल्लक’ अशी खोटी घाई किंवा शेवटच्या टप्प्यावर उगवणारे शुल्क हे प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत निषिद्ध ठरवले आहेत. अशा तेरा प्रकारांची यादीच त्यात आहे. पाहुण्यांच्या ओळखपत्रांची छायाचित्रे मालकाच्या मोबाइलमध्ये वर्षानुवर्षे पडून राहतात, हीदेखील चिंतेची बाब आहे. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कायद्याने ठेवावी लागते तेवढी नोंद ठेवून बाकीचे पुसून टाकण्याची सवय आताच लावून घेतलेली बरी.

जाहिरातीवर खर्च करायचाच असेल, तर सर्वप्रथम स्वतःच्या घराच्या नावावर करावा. त्या नावाच्या शोधात ॲपची जाहिरात वर दिसत असेल, तर जुना पाहुणा तेथेच वळतो. परिणाम मोजण्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. गूगलने आपली जुनी मोजणी सेवा जुलै २०२३ मध्ये थांबवली आणि अनेकांचे वर्षानुवर्षांचे आकडे त्यासोबत गेले. पाहुणा आल्यावर ‘आमचे नाव कोठे मिळाले?’ असे विचारून उत्तर वहीत टिपणारी घरची बाई या व्यवसायाचे अधिक खरे चित्र सांगू शकते.

या सगळ्याला वेळ नसेल, तर निदान एक वाक्य तपासून पाहावे. ५ जानेवारी २०२३ रोजी मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ प्रवाशांसाठी सुरू झाला आणि गोव्यात दोन विमानतळ झाले. एक पेडण्यात, राज्याच्या उत्तर टोकाला. दुसरा दाबोळीला, वास्कोजवळ. त्याआधी लिहिलेल्या पानांवर ‘विमानतळापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर’ एवढेच वाक्य असते. काणकोणला निघालेला पाहुणा ते वाचून मोपाचे तिकीट काढतो आणि रात्री अकरा वाजता टॅक्सीचे भाडे ऐकून मालकाला फोन लावतो.