‘पाकिस्तानात जा’ म्हणता, मग जाऊ तरी द्या!

‘पाकिस्तानात जा’ हे वाक्य मी टीव्हीवरच्या चर्चेत ऐकले, पानठेल्यावर ऐकले, फेसबुकवर तर रोजच वाचतो. आता राग येत नाही. पण म्हणणाऱ्यांना एक सांगायचे आहे. मी खरेच जाऊन आलोय. २०१४ साली, एकदाच, सासुरवाडीला.

माझी बायको कराचीची. तिची नानी मूळची नागपूरची, फाळणीनंतर नवऱ्याबरोबर तिकडे गेलेली. आमचा निकाह नागपुरात झाला. बायको कुठल्या घरात वाढली, हे मला तीन वर्षे फोटोंतूनच माहीत होते. शेवटी व्हिसा मिळाला. आम्ही जोधपूरहून थार एक्सप्रेसने मुनाबावला आणि तिथून सीमेपलीकडे गेलो.

हा व्हिसा देशाचा नसतो, शहराचा असतो. माझ्या कागदावर फक्त कराची होते. बायकोची खाला हैदराबादला राहते. गाडी त्याच हैदराबादवरून गेली, पण मला उतरायची परवानगी नव्हती. पोहोचल्यावर २४ तासांत पोलिसांकडे हजेरी, निघण्याआधी पुन्हा हजेरी. जावई पाहुणा असतो म्हणतात. मी आधी संशयित होतो, मग पाहुणा.

पहिल्याच संध्याकाळी नानीने विचारले, ‘जुम्मा तलाव में अब भी पानी रहता है?’ आपण त्याला आज गांधीसागर म्हणतो. मग ताजबागची चौकशी झाली. ताजुद्दीन बाबांचे नातू कलंदर बाबा औलिया यांचा मजार कराचीतच आहे. संत्रा बर्फीचा डबा तिने उशाशी ठेवला. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता आणि कराचीतली एक जुनी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाने ओळखली जाते. मला परके वाटावे असे त्या शहरात फार थोडे होते. परके होते ते माझ्या खिशातले कागद.

आता मुद्द्यावर येतो. सुरक्षेचे काय, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. पहलगाममध्ये २२ एप्रिल २०२५ रोजी निरपराध माणसे मारली गेली. त्या खुन्यांबद्दल माझ्या मनात तीळभर दया नाही. पण २६/११ चे मारेकरी समुद्रातून आले होते, व्हिसाच्या रांगेतून नव्हे. ज्याचा पत्ता, फोटो, सासरा, मेहुणा सगळे दोन्ही सरकारांच्या फायलीत आहे, त्याच्याइतका तपासलेला प्रवासी दुसरा नाही. त्याला अडवून दहशतवाद कसा अडतो, हे मला कुणी समजावून सांगावे.

सप्टेंबर २०१२ च्या करारात सीमेपलीकडे लग्न झालेल्यांना दोन वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा व्हिसा देण्याची सोय होती. म्हणजे दोन्ही सरकारांना हे दुःख कळत होते. ऑगस्ट २०१९ मध्ये समझौता आणि थार, दोन्ही गाड्या बंद पडल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये करतारपूरची वाट उघडली. चांगलेच झाले. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली : संबंध ताणलेले असतानाही, मनात असेल तर वाट निघते.

एप्रिल २०२५ मध्ये व्हिसा रद्द झाले, तेव्हा हिंदू पाकिस्तानी नागरिकांचे दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील, असे परराष्ट्र खात्याने सांगितले. बाकीच्यांचे काय, याचा खुलासा नंतर आला. मधल्या काळात कित्येक घरांत चूल पेटली नसेल. आमच्या जरीपटक्यातल्या सिंधी कुटुंबांना दिलासा मिळाला याचा मला आनंदच आहे; त्यांचीही माणसे पलीकडे आहेत. माझे म्हणणे इतकेच, की माहेरची ओढ धर्म विचारून लागत नाही. कायद्यानेही तो विचारू नये.

आपल्या बिरादरीलाही दोन शब्द. नात्यातली मुलगी म्हणून कराचीची सून आणता, तेव्हा तिला कुणी विचारते का, की आईला पुन्हा कधी भेटशील? दस्तरखान सजतो, मेहर ठरतो, फोटो निघतात. पासपोर्टचा विषय मुलगी उंबरठा ओलांडून आल्यावर निघतो. मीही विचारले नव्हते. ही चूक सरकारची नाही, आपली आहे. आणि पाकिस्तानचे सरकारही काही कमी नाही; तिकडच्या सुनांनाही तेच भोगावे लागते.

बायकोला आता भारताचे नागरिकत्व मिळाले आहे. २०२५ च्या पावसाळ्यात तिची आई गेली. अटारी बंद, विमानांना आकाश बंद, आणि पाकिस्तानात जाऊ नका असा आपल्याच सरकारचा सल्ला. तिने जनाजा मोबाईलवर पाहिला. मध्येच नेटवर्क गेले. परत आले तेव्हा लोक कब्रस्तानातून निघत होते.

मागणी छोटी आहे. नवरा-बायको, आईबाप, मुले, एवढ्यांपुरता व्हिसा राजकारणातून बाहेर काढा. हवी तितकी तपासणी करा, दहा वेळा हजेरी लावा. पण मरणाला आणि आजारपणाला दार उघडे ठेवा.

आणि तुम्ही, ‘पाकिस्तानात जा’ म्हणणाऱ्यांनो, आमच्यासाठी एक अर्ज लिहाल? आम्ही जाऊ. महिनाभर राहू, आईच्या कबरीवर फातिहा पढू आणि नागपूरला परत येऊ. कारण घर इथे आहे.