सही घेण्याआधी

गर्द (हेरॉइन) सोडणाऱ्याला टर्की लागली, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास सुरू झाला, की जांभया येतात, डोळ्यांतून पाणी वाहते, नाक गळते, अंगावर काटा येतो. व्यसनमुक्ती केंद्रातला नवखा समुपदेशकही ही लक्षणे ओळखतो. त्यांना गुण देऊन तीव्रता मोजण्याची पद्धत क्लिफ्टन हिमेल्सबाख यांनी १९३०च्या दशकात बसवली, ती अमेरिकेतील लेक्सिंग्टनच्या सरकारी ‘नार्कोटिक फार्म’मध्ये.

१९३५ साली सुरू झालेली ही संस्था अर्धी तुरुंग आणि अर्धी रुग्णालय होती. शिक्षा झालेले कैदी आणि आपण होऊन आलेले रुग्ण तिथे एकत्र राहत. तिथल्या संशोधन केंद्रात अब्राहम विक्लर यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. महिनोन्‌महिने नशेपासून दूर असलेली माणसे गटचर्चेत नशेचा विषय निघताच जांभया देऊ लागत, नाक पुसू लागत. शरीरातला पदार्थ केव्हाच गेला होता, पण त्याच्याशी जोडलेली आठवण शरीराने सोडली नव्हती. पुन्हा घसरणाऱ्या रुग्णाला मनाचा दुबळा ठरवणाऱ्यांना हे ठोस उत्तर होते. ब्यूप्रेनॉर्फिन हे औषध व्यसनावरील उपचारात उपयोगी पडेल, हेही याच केंद्राच्या शास्त्रज्ञांनी १९७८ साली मांडले. आज भारतातल्या कितीतरी रुग्णांचा दिवस त्या गोळीवर सुरळीत जातो.

या ज्ञानाची किंमत मात्र कैद्यांनी मोजली.

प्रयोगात भाग घेतल्याचा मोबदला म्हणून त्यांना मादक पदार्थ दिले जात. तिथले संशोधक हॅरिस इस्बेल यांनी त्यांच्यावर एलएसडीचे प्रयोग केले, त्यामागे सीआयएचा पैसा होता. ज्याला तलफ छळते आहे त्याच्यापुढे तोच पदार्थ धरून मिळवलेल्या होकाराला संमती म्हणता येत नाही. १९७५मध्ये अमेरिकी सिनेटपुढे हे प्रकरण आले आणि पुढच्या वर्षी तिथले कैद्यांवरील प्रयोग थांबले.

भारतातही व्यसनांवरील सरकारी संशोधनाचा आवाका वाढला आहे. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीसाठी एम्सच्या नेतृत्वाखाली १८६ जिल्ह्यांतील घराघरांत जाऊन ४,७३,५६९ जणांशी बोलणे झाले. अफूवर्गीय पदार्थ घेणारे सुमारे २.२६ कोटी लोक देशात आहेत, हे त्यातूनच कळले. असे संशोधन आणखी व्हायला हवे, आणि त्याला व्यसनमुक्ती केंद्रांनी मनापासून साथ द्यावी.

मात्र टर्कीत तळमळणाऱ्या रुग्णापुढे संमतीपत्र ठेवू नये. तो सावरल्यावर त्याच्या भाषेत सगळे समजावून सांगावे, आणि सही केली नाही तरी औषध बंद होणार नाही, हे सर्वांत आधी सांगावे.