नऊ शहरांचा हव्यास

युरोपचा पहिला प्रवास आगगाडीने करावयाचा आणि त्याची आखणी कोणा प्रवास-कंपनीवर न सोपविता आपली आपणच करावयाची, ही हौस आता मुंबई-पुण्याची मिरास राहिलेली नाही. अमरावतीजवळच्या वलगावातील एका निवृत्त शिक्षक दांपत्याने केलेला असा एक आराखडा नुकताच आमच्या पाहण्यात आला. दिवस चौदा, शहरे नऊ : पॅरिस, ब्रुसेल्स, अ‍ॅम्स्टरडॅम, कलोन, म्युनिक, झुरिक, मिलान, व्हेनिस आणि रोम. गाड्यांच्या वेळा मिनिटापर्यंत बिनचूक लिहिलेल्या, प्रत्येक देशास निराळी शाई. या परिश्रमाचे कौतुक करावे तितके थोडेच. आराखडा मात्र फाडून टाकण्याच्या योग्यतेचा आहे. तो त्या दोघांपुरताच असता तर आम्ही लेखणी उचललीही नसती. परंतु आम्ही पाहिलेले इतर आराखडेही याच वळणाचे आहेत, आणि त्यांत आयुष्यभराची शिल्लक खर्ची पडावयाची असते. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

प्रथम हिशेबच करू. विमानाने पोहोचण्याचा आणि परतण्याचा असे दोन दिवस वजा केले की बारा उरतात. नऊ शहरे म्हणजे आठ स्थलांतरे. सकाळी दहा-अकराच्या सुमारास एका गावची खोली सोडावी लागते, दुसऱ्या गावची दुपारी दोन-तीनच्या आधी बहुधा मिळत नाही. मधल्या वेळात सामान, स्थानक, गाडी, पुन्हा स्थानक आणि पुन्हा सामान. हमाल शोधू जाल तर तो मिळावयाचा नाही. एका स्थलांतरास अर्धा दिवस धरणे हे कमीच धरणे होय. तरी आठांत चार दिवस गेले. उरलेल्या आठ दिवसांत नऊ शहरे! लूव्हरच्या दारात उभे राहून घड्याळ पाहण्यासाठी इतक्या लांब जावयाचे काय?

यावर ठरलेले उत्तर असे की, "पुन्हा जाणे होते कोठे? एकदा भाडे भरले की सगळेच पाहून घ्यावे." हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. विमानाचे भाडे हा मोठा खर्च खराच, आणि वऱ्हाडातील पेन्शनदारास तो दुसऱ्यांदा झेपेलच असे नाही. पण पुन्हा जाणे नाही, हे पाहिलेले मनात ठसावे असे म्हणण्याचे कारण आहे, गावांची संख्या वाढविण्याचे नव्हे. शिवाय प्रत्येक उडीस तिकीट लागते आणि नव्या गावी पहिल्या संध्याकाळी परका माणूस जास्तीचे पैसे देतो, हा खर्च या हिशेबात कोणीच मांडीत नाही.

प्रवास-कंपन्यांचे म्हणणे याहून निराळे. त्या म्हणतात, तुम्हांस हे जमणारच नाही. आमच्या बसमध्ये बसा, वरण-भातही मिळेल. अतिवृद्धांस ही सोय आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण जमणार नाही म्हणजे काय? पॅरिसला एकच स्थानक नाही. ब्रुसेल्सची गाडी गार द्यू नोरवरून सुटते, स्वित्झर्लंडची गार द लिओंवरून. ज्या अमरावतीकरास अमरावती, नवी अमरावती आणि बडनेरा यांपैकी आपली गाडी कोठून आहे हे पाहूनच घराबाहेर पडावे लागते, त्याला हे शिकविण्याची गरज नाही. नवे एवढेच की, तेथे प्रतीक्षायादीचा आधार नाही. लांबच्या वेगवान गाड्यांचे भाडे विमानाप्रमाणे चढत जाते; आधी काढलेले स्वस्त तिकीट सामान्यतः त्याच गाडीस चालते, आणि आपल्या चुकीने ती हुकली तर पैसे बुडाले. नऊ शहरांच्या साखळीत असा प्रसंग किती वेळा संभवतो, हे ज्याचे त्याने मोजावे.

शेंगेन व्हिसाचा नियम या बाबतीत आमच्या आराखडेकारांहून शहाणा आहे. एकोणतीस देशांस एकच परवाना. पण अर्ज कोणाकडे करावयाचा? ज्या देशात सर्वांत अधिक दिवस मुक्काम त्याच्याकडे, आणि मुक्काम सारखेच असतील तर जेथे प्रथम पाऊल ठेवणार त्याच्याकडे. 'तुम्ही राहणार कोठे?' हा प्रश्न परका कारकून विचारतो. घरात तो कोणी विचारीत नाही. वलगावाने तरी तो विसरू नये. ज्या पेढी नदीच्या काठी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला, तिच्याच शेजारचे हे गाव. जन्मभर भटकणारा तो पुरुष ज्या गावी जाई तेथे आधी झाडू घेई आणि रात्री कीर्तन करी. गावावरून नुसते पुढे जाणे त्याला ठाऊक नव्हते.

दुसरा मोह यूरेल पासाचा. १९५९ साली निघालेला हा पास पुष्कळ हिंडणाऱ्यास उपयोगी पडतो. पण फ्रान्सच्या वेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे मोजावे लागतात; आणि एकदा पास खिशात आला की तो वसूल करण्यासाठी माणूस गाडीत बसू लागतो. हे म्हणजे ताट भरून घेतले म्हणून पोट बिघडवून घेण्यासारखे झाले.

मग करावे काय? पॅरिसला पाच रात्री, ल्यूसर्नला चार, रोमला पाच. विमानाने पॅरिसला उतरावे आणि रोमहून परतावे, म्हणजे आलेली वाट पुन्हा तुडवावी लागत नाही. मुक्काम न हलविता व्हर्साय किंवा शार्त्र्, बर्न, नेपल्स ही गावे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याजोगी आहेत. अ‍ॅम्स्टरडॅम राहिले तर राहिले.

ल्यूसर्नहून इटलीस जाताना मात्र एक गोष्ट अवश्य करावी. २०१६ साली सुरू झालेल्या सत्तावन्न किलोमीटरांच्या गोटहार्ड बोगद्यातून वेगवान गाडी झपाट्याने पार होते, आणि तेवढा वेळ खिडकीत फक्त आपलाच चेहरा दिसतो. १८८२ सालचा जुना मार्ग वर डोंगरातून जातो. वासेन गावापाशी तो बोगद्यांतून वळसे घेत चढतो, त्यामुळे तेथले एकच चर्च तीन वेळा, तीन उंचींवरून दिसते. अकोला-खंडवा मीटरगेजची गाडी मेळघाटात धूळघाटाजवळ वळसा घालून आपल्याच रुळांवरून पुलाने जात असे. २०१७ साली तो मार्ग बंद झाला, पण त्या गाडीतून गेलेली माणसे आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. त्यांस वासेनची गंमत चटकन उमगेल. जुन्या मार्गाने वेळ अधिक लागतो, बेलिंझोनास मिलानसाठी गाडीही बदलावी लागते; पण त्या गाडीस आरक्षणाची सक्ती नाही.