एका चित्रकणात किती जमीन?

गावात ड्रोन आला की मुलांचा घोळका जमतो. कधी तो लग्नाच्या वरातीवर फिरत असतो, कधी सोयाबीनच्या फवारणीला आलेला असतो, तर कधी गावठाणाच्या मोजणीला. घोळक्यातला पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो : "कॅमेरा किती मेगापिक्सेलचा?" विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न अगदीच निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही, पण तो पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न असा हवा : या छायाचित्रातला एक चित्रकण, म्हणजे एक पिक्सेल, जमिनीवर किती सेंटिमीटरचा?

वरातीच्या फोटोत या प्रश्नावाचून कोणाचे काही अडत नाही. गावठाणाच्या मोजणीत मात्र अडते. केंद्र सरकारची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. त्याआधीच महाराष्ट्राने पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात, सोनोरी या गावी, ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग केला होता. शेताला सातबारा असतो, पण गावठाणातील घराला नकाशा नाही, अशी स्थिती असंख्य खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या होती. आता भारतीय सर्वेक्षण विभाग आणि राज्याचा भूमी अभिलेख विभाग ड्रोनने छायाचित्रे घेतात, त्यांवरून नकाशा बनतो, आणि शेवटी घरमालकाच्या हाती मालमत्ता पत्रक पडते. ते पत्रक बँकेत चालते आणि भाऊबंदकीच्या वादातही पुढे येते. तुमच्या घराची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत वीतभर सरकली की नाही, हे अशा कागदावर ठरणार असेल, तर तो कागद ज्या चित्रावरून निघाला त्याची भाषा तुम्हाला वाचता यायला हवी. जळकोटसारख्या तालुक्याच्या गावातल्या मुलाला ती वाचता येणार नाही, असे मला मुळीच वाटत नाही. त्यासाठी दहावीची भूमिती पुरते.

कशी, ते पाहू. एका प्रचलित ड्रोन कॅमेऱ्याचे आकडे घेऊ. त्याचा संवेदक १३.२ मिलिमीटर रुंद आणि ८.८ मिलिमीटर उंच असतो. त्यावर ५४७२ गुणिले ३६४८, म्हणजे सुमारे दोन कोटी चित्रकण असतात. दुकानदार यालाच '२० मेगापिक्सेल' म्हणतो. भिंगाचे नाभीय अंतर ८.८ मिलिमीटर. आता भिंगाच्या एका बाजूला संवेदक आणि दुसऱ्या बाजूला जमीन, असे दोन समरूप त्रिकोण काढा. ड्रोन १०० मीटर उंचीवर असेल तर चित्रात १५० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद जमीन मावते. १५० मीटरला ५४७२ ने भागा. उत्तर येते सुमारे २.७ सेंटिमीटर. एका चित्रकणाच्या वाट्याला एवढी जमीन आली. ड्रोन १२० मीटरवर नेला की तोच आकडा ३.३ होतो, आणि २० मीटरवर आणला की साडेपाच मिलिमीटर. कॅमेरा तोच, मेगापिक्सेल तेवढेच. बदलली ती फक्त उंची.

हा आकडा आपल्या ओळखीच्या मापात बसवून पाहा. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट. १०० मीटरवरून घेतलेल्या चित्रात एका गुंठ्याला सुमारे एक लाख पस्तीस हजार चित्रकण मिळतात. आता आपल्या देशाच्या उपग्रहांकडे वळा. १९७९ मध्ये सोडलेल्या 'भास्कर-१' च्या कॅमेऱ्याला एक किलोमीटरपेक्षा बारीक काही दिसत नव्हते. त्याचा एक ठिपका म्हणजे जवळजवळ २४७ एकर. १९८८ च्या 'आयआरएस-१ए' वरील एका कॅमेऱ्याचा चित्रकण ७२.५ मीटरचा होता, म्हणजे ५२ गुंठ्यांचा. एक एकर बारा गुंठे रान, आणि त्याला सगळे मिळून रंगाचे एक टिंब! तरीही पिकांचे आणि जंगलांचे अंदाज त्यावरून बांधले गेले, कारण त्या कामाला तेवढे पुरेसे होते. २०१९ च्या 'कार्टोसॅट-३' चा चित्रकण पाव मीटरच्या आसपास आला. विभेदन चांगले की वाईट हे कामावरून ठरते, हे यावरून ध्यानात येईल. गावठाणाचा नकाशा १:५०० या प्रमाणात काढतात. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात अर्धा मीटर, आणि टोकदार पेन्सिलीची ०.१ मिलिमीटरची रेघ म्हणजे पाच सेंटिमीटर. तेव्हा तीन-चार सेंटिमीटरचा चित्रकण या कामाला योग्यच म्हटला पाहिजे.

पण इथे एक घोटाळा होतो, आणि तो शिकल्यासवरलेल्या माणसांचाही होतो. चित्रकण २.७ सेंटिमीटरचा, म्हणून २.७ सेंटिमीटरची वस्तू ओळखता येईल, असे ते समजतात. ते खरे नाही. दोन वस्तू वेगळ्या दिसायच्या तर त्यांच्यामध्ये फटीचाही एक चित्रकण हवा. म्हणजे दुप्पट अंतर, आणि व्यवहारात त्याहून थोडे जास्तच. उलट एकटी बारीक वस्तू चित्रकणापेक्षा अरुंद असूनही दिसू शकते. विजेची तार आभाळावर लांबून दिसते, कारण ती आभाळाच्या उजेडात काळी उठून दिसते. पण शेजारी शेजारी दोन तारा असल्या तर त्या लांबून एकच वाटतात. 'दिसणे' आणि 'वेगळे दिसणे' यांतला हा फरक आहे. मोजणीआधी घरांच्या हद्दी चुन्याने आखून घेतात, त्यामागे हेच भौतिकशास्त्र आहे. काळ्या मातीवरची पांढरी रेघ चित्रात हमखास उठते. दोन घरांच्या भिंतींमधली बोटभर फट मात्र उठणार नाही, मग कॅमेरा कितीही महागडा असो.

आता मेगापिक्सेलच्या जाहिरातीकडे येऊ. ४८ मेगापिक्सेलचा कॅमेरा २० मेगापिक्सेलपेक्षा सव्वादोन पटींहून अधिक चांगला, असे तुम्हाला वाटेल. पण हे ४८ मेगापिक्सेल अनेकदा जेमतेम ६.४ मिलिमीटर रुंदीच्या संवेदकावर कोंबलेले असतात, आणि एकेक चित्रकण ०.८ मायक्रोमीटरचा होतो. प्रकाश हा तरंग आहे. भिंग निर्दोष असले तरी विवर्तनामुळे एका बिंदूची प्रतिमा बिंदू न होता एक लहानशी चकती होते. एफ/२.८ इतके भिंग उघडे असताना हिरव्या प्रकाशासाठी या चकतीचा व्यास सुमारे ३.८ मायक्रोमीटर भरतो. म्हणजे एका बिंदूची चकती जवळजवळ पाच चित्रकणांच्या रुंदीवर पसरली! पायलीत पाच शेर मापून घातले तरी धान्य पायलीएवढेच राहणार. भिंगाने जो तपशील आणलाच नाही, तो चित्रकण वाढवून कोठून येणार? शिवाय ड्रोन सेकंदाला आठ मीटर वेगाने जात असेल आणि झडप सेकंदाचा शंभरावा भाग उघडी राहिली, तर तेवढ्यात तो आठ सेंटिमीटर पुढे जातो. तीन चित्रकण एकमेकांत फासले गेले. हे सगळे खोक्यावर छापलेले नसते.

याहून मोठी गोष्ट कोणी सांगतच नाही. एक छायाचित्र म्हणजे नकाशा नव्हे. ड्रोन १०० मीटरवर आहे, आणि त्याच्या बरोबर खालच्या जागेपासून ५० मीटर बाजूला सहा मीटर उंचीचे दुमजली घर आहे असे समजा. पुन्हा समरूप त्रिकोण काढा. त्या घराचे छत चित्रात पायापासून तीन मीटरहून अधिक बाहेर कललेले दिसेल. इथे आपण २.७ सेंटिमीटरचा हिशेब करत बसलो आहोत, आणि तिकडे तीन मीटरची तफावत! म्हणूनच मोजणीत एकमेकांवर बरीचशी चढणारी अनेक छायाचित्रे घेतात आणि त्यांवरून उंची काढून कल दुरुस्त करतात. अशा दुरुस्त चित्रावर माप घेता येते, साध्या फोटोवर येत नाही. आणि दुरुस्तीनंतरही ड्रोनला वरून पत्राच दिसतो. पत्र्याची पागोळी भिंतीच्या दीड फूट बाहेर आलेली असेल, तर पत्र्याखालची भिंत कोणत्याही विभेदनाने दिसणार नाही. जुन्या माळवदाच्या घरांत दोन भावांची सामाईक भिंत असते; वरून ते एकच माळवद दिसते. तिथे टेप धरून उभा राहिलेला भूकरमापक आणि शेजारीपाजारी हेच खरे साक्षीदार. ड्रोनने माणसाची गरज संपवली असे जे म्हणतात, त्यांनी एकदा गावठाणाच्या बोळातून चालून यावे.

आता 'रॉ' फाइलविषयी, कारण तिच्याबद्दल भाबड्या समजुती फार आहेत. संवेदकाला रंग कळत नाहीत. त्याला फक्त प्रकाश किती पडला हे कळते. म्हणून त्यावर लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांची चौकट बसवतात. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये या रचनेचे पेटंट मिळाले. निम्मे चित्रकण हिरवे, पाव लाल, पाव निळे. प्रत्येक चित्रकण एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. तुमच्या सुंदर फोटोतील रंगाच्या आकड्यांपैकी दोन तृतीयांश आकडे मोजलेले नसून काढलेले असतात, हे ऐकून थोडे दचकायला हरकत नाही.

हे अंदाज भरण्याआधीची, जशी मोजली तशी आकडेवारी म्हणजे रॉ फाइल. ती भूकरमापकाच्या कच्च्या वहीसारखी आहे : दिसायला फिकी, पण मापे मूळची. तीत प्रत्येक चित्रकणाला १२ बिट म्हणजे ४०९६ पायऱ्या, किंवा १४ बिट म्हणजे १६,३८४ पायऱ्या मिळतात. नेहमीच्या जेपीईजी फाइलमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या, आणि त्याही डोळ्याला बरे दिसेल अशा बेताने वाटलेल्या. भर दुपारी चकाकणारा पत्रा आणि शेजारचा अंधारा बोळ एकाच चित्रात आले, की जेपीईजीत बोळ काळा पडतो. रॉ फाइलमधून तो बराचसा बाहेर काढता येतो. पण रॉ फाइल चित्रकण वाढवत नाही, हललेले चित्र स्थिर करत नाही आणि पागोळीखाली डोकावत नाही. शिवाय दोन कोटी चित्रकणांची अशी एक फाइल चाळीसेक मेगाबाइट जागा खाते. सरसकट सगळे रॉमध्ये घ्या असा हट्ट मी धरणार नाही. मापांसाठी चांगली जेपीईजी बहुधा पुरते. दाट सावलीच्या बोळांसाठी मात्र रॉ घ्यावी.

जेपीईजीलाही नावे ठेवू नका. तिच्या मुळाशी असलेली गणिती युक्ती बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये मांडली, आणि १९९२ मध्ये जेपीईजीचे मानक ठरले. चित्राचे आठ गुणिले आठ चित्रकणांचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातले डोळ्याला सहज न जाणवणारे बारकावे गाळायचे, अशी ती युक्ती. आपल्या हिशेबात असा चौकोन जमिनीवर २२ सेंटिमीटरचा होतो. खरी हानी होते ती पुढे, मोबाइलवरून मोबाइलवर पाठवताना. समजा ५४७२ चित्रकणांची रुंदी आटून १६०० झाली. लगेच एक चित्रकण २.७ चा ९.४ सेंटिमीटर झाला, आणि चौकोन पाऊण मीटरचा. चित्रासोबतची जागेची आणि वेळेची नोंदही वाटेत गळून पडू शकते. मोबाइल पुन्हा ते चित्र 'सुधारून' ठळक करतो आणि नसलेल्या कडा घालतो, ते वेगळेच. असे चित्र पुढे करून कोणी हद्दीविषयी बोलू लागला, तर ते मोजमाप म्हणून मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मूळ फाइल मागावी; पाठवायचीच झाली तर फोटो म्हणून न पाठवता दस्तऐवज म्हणून पाठवावी. आणि प्रत्येक ड्रोन नकाशाच्या कोपऱ्यात, उत्तर दिशेच्या बाणाशेजारी, एका चित्रकणाचे सेंटिमीटर छापलेले असावेत.

शिक्षकांनाही एक सांगणे आहे. दहावीच्या गणितात 'समरूपता' आहे, विज्ञानात 'भिंगे व त्यांचे उपयोग' आहे. हे दोन पाठ एकमेकांना भेटतात ते ड्रोनच्या चित्रात, आणि त्यासाठी ड्रोन विकत घ्यावा लागत नाही. मोबाइल पुरे. एका कार्डशीटवर २, ३, ५, ८ आणि १२ मिलिमीटर रुंदीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे गट काढा आणि शाळेच्या भिंतीवर चिकटवा. मैदानातून असा फोटो घ्या की टेपने मोजलेली १२ मीटर लांबीची भिंत कडेपासून कडेपर्यंत चौकटीत बसेल. फोटोच्या माहितीत रुंदीचे चित्रकण पाहा. ते ४००० असतील तर एकाच्या वाट्याला ३ मिलिमीटर आले. आता चित्र मोठे करून कोणत्या गटापर्यंत पट्ट्या मोजता येतात ते वहीत लिहा. मग तोच फोटो वर्गमित्राला नेहमीसारखा पाठवा, त्याच्या मोबाइलवर पुन्हा मोजा, आणि पाच मिलिमीटरच्या पट्ट्यांच्या जागी नुसता राखाडी रंग आला आहे का ते पाहा.