सुनेचे गाव कोणते?

'मुलगी म्हणजे परक्याचे धन' हे वाक्य आपण लहानपणापासून इतक्या वेळा ऐकतो की त्याचा अर्थ विचारायचे कुणाला सुचत नाही. मलाही सुचले नव्हते. ती पाळी माझ्यावर आली २०२४ च्या पावसाळ्यात.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे गल्लीत कुणाचाही फॉर्म भरायचा असला की तो माझ्याकडे येतो. त्या वर्षी 'माझी लाडकी बहीण' योजना निघाली आणि आमची ओसरी बायकांनी भरून गेली. पहिला फॉर्म घेतला वहिनीचा. वहिनीचे माहेर बोधन. लग्नाला तीनच वर्षे झालेली. पंधरा वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला हवा होता. तिचा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला दोन्ही तेलंगणचे. पण नियमात एक सोय होती. परराज्यातील स्त्रीचे लग्न महाराष्ट्रातील रहिवाशाशी झाले असेल तर नवऱ्याचा दाखला चालेल. दादाची टी.सी. जोडली आणि काम झाले. आई म्हणाली, "बरं झालं बाई, दादा घरी होता!"

आईचे ते वाक्य माझ्या मनातून जाईना. दादा घरी नसता तर?

गंमत अशी की माझी पणजीही बोधनचीच होती. ती कळमनुरीत आली तेव्हा दोन्ही गावे निजामाच्या राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, बोधन आंध्र प्रदेशात गेले आणि आपण मुंबई राज्यात आलो. माणसे, सोयरीक, रस्ता तोच. सरहद्द तेवढी मधे आली. निजामाच्या काळीही 'मुलकी' कोण याचे नियम होतेच. तिथेही बाहेरच्याने पंधरा वर्षे राहावे लागे आणि मुलकी माणसाची बायको मात्र लग्नाने मुलकी ठरे. म्हणजे राज्य बदलले, तरी सुनेची ओळख नवऱ्याच्या कागदावरच टांगलेली राहिली.

हा प्रश्न आपल्याकडेच आहे असे नाही. युरोपीय संघातील नागरिक दुसऱ्या सदस्य देशात राहू लागला तर त्याच्या परदेशी जोडीदारालाही तिथे राहता येते. २००४ च्या निर्देशात हा हक्क सविस्तर सांगितला आहे. त्याआधी सुरिंदर सिंग या भारतीयाचा खटला गाजला. त्याची बायको ब्रिटिश. दोघांनी काही वर्षे जर्मनीत नोकरी केली आणि मग ती ब्रिटनला परतली. १९९२ साली युरोपच्या न्यायालयाने सांगितले की बाई दुसऱ्या सदस्य देशात काम करून मायदेशी आली, तर तिच्या नवऱ्यालाही तिच्याबरोबर राहू दिले पाहिजे. इथे परका नवरा होता आणि आधार बायकोचा होता! वाचताना मला फार बरे वाटले.

परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. त्या २००४ च्या निर्देशाप्रमाणे जोडीदार मरण पावला आणि परदेशी व्यक्ती त्याआधी निदान वर्षभर तिथे राहिलेली असली, तर तेवढ्याने तिचा राहण्याचा हक्क जात नाही. घटस्फोटातही लग्न तीन वर्षे टिकलेले असले आणि त्यातले एक वर्ष त्या देशात गेलेले असले तर तीच सोय आहे. अर्थात पुढे त्यालाही अटी आहेत. पण तत्त्व स्पष्ट आहे. लग्नाने दार उघडते. एकदा आत आल्यावर किल्ली तिच्या हातात द्यायची.

आमच्याच गल्लीत निजामाबादकडची एक बाई आहे. नवरा नांदवीत नाही. त्याचे दाखले त्याच्या पेटीत आणि पेटीची किल्ली त्याच्या खिशात. तिचा फॉर्म माझ्याच्याने भरला गेला नाही. धुणीभांडी करून दोन लेकरे ती इथेच शिकवते. माहेरच्या रेशनकार्डातून नाव कमी झाले आहे, इथे ती कागदोपत्री कुणाचीच नाही. तिचे गाव कोणते?

कुणी म्हणेल, अशी सूट दिली तर लबाड लोक दोन राज्यांत लाभ घेतील, खोटी लग्ने लावतील. भीती खोटी नाही. युरोपच्या नियमातही खोट्या लग्नाला हक्क नाकारण्याची तरतूद आहे. मग आपणही तपासावे. माहेरच्या कार्डातून नाव कमी झाल्याचा दाखला मागावा, शेजाऱ्यांचा पंचनामा करावा. पण ठरावीक वर्षे इथे राहिलेल्या बाईचा रहिवास तिच्या स्वतःच्या नावाने धरावा. नवऱ्याची टी.सी. हा एक पुरावा असावा, एकमेव नसावा.

उद्या माझेही लग्न होईल. कदाचित सरहद्दीपलीकडे. तेव्हा मला कुणाचे धन म्हणून नव्हे, त्या गावची बाई म्हणून राहायचे आहे.